नानांचा पंप आणि सिंगापूरहून आलेल्या पुड्या

पत्र असं आहे:

«डॉक्टर, माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, वय ६९. एसटीत ड्रायव्हर होते. चार वर्षांपूर्वी छातीच्या डॉक्टरांनी सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होण्याचा जुनाट आजार, सांगितला आणि दोन पंप दिले, एक रोजचा आणि एक दम लागेल तेव्हाचा. बीपीची गोळीही चालू आहे. बिडी त्यांनी आता खूप कमी केली आहे. माझा दादा सिंगापूरला असतो. त्याच्या शेजारच्या चिनी आजोबांना दम्यावर तिथल्या औषधाने गुण आला, म्हणून गणपतीत येताना तो नानांसाठी दोन महिन्यांच्या पुड्या घेऊन आला. रोज एक पुडी उकळून प्यायची. पहिल्या आठवड्यात नानांना एकदम हुशारी आली. मग त्यांनी पंप बंदच केले. म्हणतात, पंपाची सवय लागते, हे मुळावर काम करतं. आता तीन आठवडे झालेत. रात्री झोप नाही, छातीत धडधडतं, लघवीला अडखळतं, परवा बीपी १६४ निघालं. डॉक्टरांना सांगायची हिंमत होत नाही, ते ओरडतील. दादा म्हणतो, पाच हजार वर्षांचं शास्त्र आहे, तुम्ही उगाच घाबरता. पुडीवरची नावं उतरवून पाठवतेय. सोबत कॉर्डिसेप्सच्या कॅप्सूलची एक बाटलीही आहे. चिनी औषध द्यावं की नाही? आणि पंप सुटेल का? – एक वाचक, नाशिक»

ताई,

बाकीचं सगळं नंतर. आजपासून ती पुडी उकळायची नाही. आजच नानांच्या छातीच्या डॉक्टरांना फोन करा, घडलं ते सगळं सांगा आणि ते म्हणतील त्याप्रमाणे पंप पुन्हा सुरू करा. दोन दिवसांच्या आत नानांना प्रत्यक्ष दाखवा, जाताना उरलेल्या पुड्या पिशवीत घालून न्या. ईसीजी आणि रक्तातलं पोटॅशियम तपासायला हवं, हे त्यांना पुडी पाहिल्यावर सुचेलच, पण तुम्हीही आठवण करा. ओरडले तर ओरडू देत. डॉक्टरांचं ओरडणं पाच मिनिटांत संपतं. मीही आयुष्यभर ओरडलो आहे आणि ज्यांच्यावर ओरडलो त्यातले बहुतेक पुढच्या महिन्यात पुन्हा माझ्याच बाकावर बसलेले असायचे.

मात्र नानांचं बोलताना वाक्य तुटायला लागलं, ओठ किंवा नखं निळसर दिसली, ते गुंगीत असल्यासारखे किंवा असंबद्ध बोलायला लागले, छातीत दुखलं, किंवा लघवी पूर्ण अडली, तर दोन दिवसांची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करायचा.

आता पुडी. तुम्ही लॅटिन नावं अक्षर न् अक्षर उतरवलीत ते फार बरं केलंत. हर्बा एफेड्रे, सेमेन आर्मेनियाके, जिप्सम फायब्रोसम, राडिक्स ग्लिसिरायझे. चिनी वैद्यकातला हा अगदी नावाजलेला काढा आहे, इसवी सनाच्या २०० च्या आसपास झांग झोंगजिंग नावाच्या वैद्याने लिहून ठेवलेला. त्यातलं शेवटचं नाव तुमच्या स्वयंपाकघरातही सापडेल. ग्लिसिरायझा म्हणजे ज्येष्ठमध. चिनी लोक त्याला ‘गोड गवत’ म्हणतात आणि बहुतेक काढ्यांत थोडं तरी घालतात. तिसरं जिप्सम, म्हणजे आपल्या वैद्यांची गोदंती. दुसरी जर्दाळूची कडू बी, खोकला दाबते, पण जास्त झाली तर पोटात सायनाइड तयार करते, त्यामुळे पुड्या नातवंडांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा.

आणि पहिलं नाव एफेड्रा. चिनीत माहुआंग. काडीकाडीचं, पानं जवळजवळ नसलेलं झुडूप. खरी गंमत याच्यातच आहे आणि खरा धोकाही.

एफेड्रामध्ये एफेड्रिन असतं. ते श्वासनळ्या मोकळ्या करतं, यात शंका नाही. पण त्याचबरोबर हृदयाचे ठोके वाढवतं, रक्तदाब चढवतं, झोप उडवतं, आणि साठीपुढच्या पुरुषाची प्रोस्टेट आधीच थोडी वाढलेली असेल तर लघवीची वाट आवळून धरतं. आता तुमचं पत्र पुन्हा वाचा. पहिल्या आठवड्यातली ‘हुशारी’, मग झोप नाही, धडधड, लघवी अडखळणं, १६४. नानांना न तपासता मी छातीठोक सांगणार नाही, पण एफेड्रिनच्या दुष्परिणामांची यादी कुणी मला पाठ म्हणायला सांगितली असती तर मी याच क्रमाने म्हटली असती. त्यात ज्येष्ठमध. आठवड्यातून एकदा घसा बसला म्हणून चघळलेली काडी वेगळी आणि रोज काढ्यातून पोटात जाणारं ज्येष्ठमध वेगळं. ते अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम खाली आणतं, बीपी वर नेतं. म्हणजे नाना एका हाताने बीपीची गोळी घेतात आणि दुसऱ्या हाताने तिच्यावर पाणी ओततात. पोटॅशियम उतरलेलं आणि हृदय एफेड्रिनने पळवलेलं, ही जोडी मला अजिबात आवडत नाही. सीओपीडीचे पुष्कळ पेशंट थिओफायलीनची गोळीही घेत असतात. नाना घेत असतील तर धडधडीला आणखी एक कारण.

एफेड्राची पूर्ण हकिगत सांगितल्याशिवाय नानांचं पंपाशी भांडण मिटायचं नाही. १८८५ मध्ये नागाई नागायोशी या जपानी रसायनशास्त्रज्ञाने या झुडपातून एफेड्रिन वेगळं काढलं. १९२० च्या दशकात पेकिंगमध्ये चेन आणि श्मिट या दोघांनी ते शरीरात काय करतं हे पद्धतशीर दाखवलं आणि जगभर दम्यासाठी त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. गुण यायचा, पण धडधड आणि जागरणही यायचं. मग संशोधकांची सगळी धडपड अशी की श्वासनळी सैल व्हावी, हृदय मात्र शांत राहावं. त्या धडपडीतून १९६० च्या दशकाच्या शेवटी साल्ब्युटामॉल आलं. नाना दम लागल्यावर ओढतात तो पंप बहुतेक तोच. म्हणजे नाना ज्याला ‘इंग्रजी सवय’ म्हणून फेकायला निघालेत, तो श्वासनळीवर माहुआंगचंच काम करतो, फक्त नेमकं, मोजून आणि थेट जिथे हवं तिथे. एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध. त्याच औषधाची गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे चाळीसपट. पंपात औषध थोडं असतं म्हणून तर तो पंप.

दादाला सांगा, घाबरणारे फक्त आम्हीच नाही. २००४ मध्ये अमेरिकेने एफेड्राचे पूरक पदार्थ विकायला बंदी घातली, हृदयविकार आणि पक्षाघाताच्या घटनांनंतर. एफेड्रिन आपल्याकडेही नियंत्रित रसायनांच्या यादीत आहे, तेव्हा पुढच्या खेपेला बॅगेत पुड्या घालताना जरा विचार करायला सांगा.

पण मला दादाला उत्तर त्याच्याच मैदानावर द्यायचं आहे. चिनी वैद्यकाच्या स्वतःच्या नियमांनीसुद्धा ही पुडी नानांसाठी चुकीची आहे.

त्या झांग झोंगजिंगच्याच ग्रंथात ‘फेई झांग’ नावाचा आजार आहे. फेई म्हणजे फुफ्फुस, झांग म्हणजे फुगणं. खोकला, वर चढणारा दम, आणि रोग्याचे डोळे जणू खोबणीतून बाहेर येतील असे. अठराशे वर्षांपूर्वी स्टेथोस्कोप नाही, एक्स-रे नाही, आणि माणसाने नुसतं बघून लिहिलं की फुफ्फुस फुगलेलं आहे. सीओपीडीत तेच होतं. हवा आत जाते, बाहेर पडताना अडकते, साचते, छाती पिंपासारखी होते. मी हे वाचलं तेव्हा त्या वैद्याला मनातल्या मनात नमस्कार केला होता.

त्यांची मांडणी अशी. प्लीहा कफ तयार करते, फुफ्फुस त्याचं भांडं. श्वास आत ओढायचं काम फुफ्फुसाचं, पण तो खाली धरून ठेवायचं काम मूत्रपिंडाचं. म्हातारपणी मूत्रपिंडाचा जोर ओसरला की श्वास वरच्यावरच राहतो, खाली उतरत नाही. आपल्याकडचे पेशंट नाही का म्हणत, ‘डॉक्टर, दम नुसता वरवर लागतोय’. आजच्या शरीरशास्त्रात मूत्रपिंड श्वास धरत नाही. तिथे फुगलेल्या फुफ्फुसाखाली दबून सपाट झालेला श्वासपटल असतो. पण रोग्याचं म्हणणं त्या लोकांनी कान देऊन ऐकलं होतं, एवढं खरं.

आता नियम. आजार उसळला असेल तेव्हा फांदी छाटायची, शांत असेल तेव्हा मुळाला पाणी घालायचं. तुमच्या पुडीतला काढा फांदी छाटणारा. फुफ्फुसात ‘उष्णता’ चढली आहे, ताप आहे, दम आहे, अशा वेळी काही दिवसांपुरता द्यायचा. माहुआंग बाहेर फेकतं, मोकळं करतं, म्हणून अशक्त, घामेजणाऱ्या, जुन्या दमेकऱ्याला ते देऊ नये असं जुने चिनी वैद्यच बजावतात. एकोणसत्तर वर्षांच्या, चार वर्षं आजारी माणसाला दोन महिने रोज माहुआंग देणारा चिनी वैद्य तिथल्या गुरूच्या हातचा मार खाईल. शिवाय नाडी कुणी पाहिली? जीभ कुणी पाहिली? सिंगापूरमध्ये चिनी वैद्याला सरकारी नोंदणी लागते, ती उगाच नाही. दादाने वैद्य गाठलाच नाही, दुकान गाठलं. शेजारच्या आजोबांचा काढा नानांना, हे म्हणजे शेजाऱ्याचा चष्मा आपल्या बापाला.

बरीच वर्षं झाली, एका परिषदेसाठी मी चीनमधल्या ग्वांगझौला गेलो होतो. जुलैचा महिना, मुंबईच्या मे महिन्याला लाजवेल असा घामट उकाडा. सकाळी सातला एका इस्पितळाच्या चिनी औषध विभागापुढे रांग लागलेली, आपल्याकडे कुठल्या देवळापुढे लागावी तशी. आत एका लांब खोलीत पन्नासेक माणसं उघड्या पाठीने बसलेली. नर्स भराभर पाठीवर, मणक्याच्या दोन्ही बाजूंना, पेढ्याएवढ्या करड्या लगद्याच्या चकत्या ठेवून चिकटपट्टी लावत होत्या. खोलीभर आलं आणि मोहरी यांचा झणका. डोळ्यांत पाणी यावं असा.

त्याला ‘सान फू’चा लेप म्हणतात. वर्षातले सगळ्यात तापलेले तीन टप्पे, जुलैच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत. थंडीत उसळणारा आजार उन्हाळ्यात दाबायचा, ही कल्पना. लेपात पांढरी मोहरी, आणखी तीन-चार वनस्पतींची पूड, आल्याच्या रसात कालवलेली. १६९५ सालच्या एका चिनी ग्रंथात ही कृती आहे आणि आजही लाखो लोक ती करून घेतात. काहींची कातडी भाजते, फोड येतात. (नाशिकमध्ये मोहरी वाटून नानांच्या पाठीवर हा प्रयोग करू नका. मला ठाऊक आहे, वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी आत्ताच मिक्सरकडे पाहिलं असेल.)

ही गोष्ट मी का सांगतोय? त्या खोलीत माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ शर्ट काढून बसले होते. शर्ट मांडीवर घडी घातलेला. खिशातून निळा पंप डोकावत होता. पाठीवर लेप लावून झाला, त्यांनी शर्ट चढवला, दोन पायऱ्या चढून दम लागला तसा पंप काढला, दोनदा ओढला आणि बसस्टॉपकडे चालू लागले. माझ्याबरोबरच्या तरुण चिनी डॉक्टरला मी विचारलं, हे दोन्ही घेतात? त्याला प्रश्नच कळला नाही. ‘मग?’ म्हणाला.

ताई, दादाला एवढंच विचारा, ‘मग?’ चीनमध्ये हे भांडणच नाही. तिथल्या इस्पितळात दोन्ही विभाग एकाच आवारात असतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार चीनमध्ये सीओपीडीचे सुमारे १० कोटी रुग्ण आहेत, आणि तिथले मोठे छातीतज्ज्ञ त्यांच्यासाठी श्वासनळी मोकळी करणाऱ्या पंपांच्या मोठमोठ्या चाचण्या करत असतात. टायोट्रोपियम या पंपावरची एक महत्त्वाची चाचणी चीनमध्येच झाली, ८४१ रुग्णांवर, २०१७ मध्ये छापून आली. पुडी उकळून पंप फेकून द्या असं तिथला शहाणा वैद्यही सांगत नाही. १० कोटी रुग्ण आहेत म्हणून त्यांचं वैद्यक फोल, असंही मी म्हणणार नाही. ते आकडे सिगारेटचे, कोळशाच्या चुलींचे आणि कारखान्यांच्या धुराचे आहेत. पण फुफ्फुसाची मोडलेली जाळी पुन्हा विणून देणारा काढा कुठे असता, तर तो आधी तिथेच दिसला असता.

मग चिनी वैद्यकातलं काहीच घेऊ नये का? घ्यावं की. औषधं सोडून जे आहे ते घ्यावं.

पहिलं म्हणजे ताई-ची, ते संथ, पाण्यात चालल्यासारखे हात फिरवण्याचे व्यायाम. सीओपीडीसाठी जगभर फुफ्फुस-पुनर्वसन नावाचा व्यायामक्रम सांगतात. तो उपयोगी आहे हे सिद्ध झालंय, पण त्याला यंत्रं लागतात, प्रशिक्षक लागतो आणि आपल्याकडे तो मोजक्या ठिकाणी मिळतो. चीनच्या ग्रामीण भागात १२० रुग्णांवर एक चाचणी झाली. निम्म्यांना पुनर्वसन, निम्म्यांना ताई-ची, बारा आठवडे. बारा आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच सुधारले. मग वर्ग बंद केले आणि पुढच्या बारा आठवड्यांनी पाहिलं तर ताई-चीवाले जास्त बरे होते. मला वाटतं, कारण साधं आहे. यंत्र इस्पितळात राहिलं, ताई-ची माणसाबरोबर घरी गेली. आणि हो, त्या चाचणीत दोन्ही गटांना रोजचा पंप दिलेला होता. ‘मग?’

दुसरं, लिउझिज्वे, म्हणजे सहा अक्षरांचा श्वास. सहाव्या शतकाच्या आसपासची पद्धत. एकेका अवयवासाठी एकेक ध्वनी, नाकाने श्वास आत आणि तो ध्वनी काढत तोंडाने हळूहळू बाहेर. फुफ्फुसाचा ध्वनी साधारण ‘स्स्स’ असा, दात जवळ आणून. ध्वनी आणि अवयव यांचा संबंध मला पटत नाही, पण कृती बघा. अरुंद वाटेने सावकाश श्वास सोडायचा. यालाच आमच्याकडे ओठांचा चंबू करून श्वास सोडणं म्हणतात आणि सीओपीडीच्या पहिल्याच भेटीत शिकवतात. श्वास सोडताना वाट अरुंद केली की आत थोडा दाब राहतो, त्याने बारीक नळ्या मिटत नाहीत, साचलेली हवा निघते. नानांना सांगा, गरम चहा बशीत ओतून फुंकता ना, तसं. मोजून, आत दोन आकडे, बाहेर चार. जिना चढताना, अंघोळ झाल्यावर, चप्पल घालायला वाकल्यावर. आणि श्वास रोखून धरणं नको, जोरजोरात कपालभाती तर मुळीच नको.

म्हणून दादाला काम द्या. सिंगापूरच्या बागांमध्ये सकाळी ताई-ची करणारे म्हातारे-म्हाताऱ्या दिसतील. त्याने दोन महिने त्यांच्यात उभं राहावं, शिकावं आणि पुढच्या खेपेला नानांबरोबर गच्चीवर करावं. पुड्यांपेक्षा हे महाग पडेल, वेळ द्यावा लागतो.

अॅक्युपंक्चरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच. जपानमध्ये झालेली, २०१२ मध्ये छापून आलेली ६८ रुग्णांची एक नीट केलेली चाचणी आहे. खऱ्या सुया टोचलेल्यांचा चालताना लागणारा दम बारा आठवड्यांत कमी झाला, खोट्या सुयांवाल्यांचा तसा झाला नाही. चाचणी लहान आहे, पण टाकून देण्यासारखी नाही. पंप चालू ठेवून करायला माझी हरकत नाही, एका अटीवर. नानांची फुफ्फुसं फुगलेली असतात आणि छाती-पाठीची भिंत बारीक माणसात फार पातळ. तिथे सुई खोल गेली तर फुफ्फुसाला भोक पडून हवा बाहेर साचते, आणि नानांसारख्याला ते जिवावर बेततं. सुया हातापायांवरच्या बिंदूंवर, छाती-पाठ टाळून, आणि टोचणाऱ्याला सीओपीडी आहे हे आधी सांगून. महाराष्ट्रात अॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आहे, नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. या विद्येचं आपल्याशी एक नातंही आहे. १९३८ मध्ये सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्यातलेच डॉ. बसू पुढे चीनमध्ये अॅक्युपंक्चर शिकून आले आणि त्यांनी ते भारतात आणलं.

कॉर्डिसेप्स, म्हणजे कीडाजडी. अळीत उगवणारी हिमालयातली बुरशी, सोन्याच्या भावाची. फुफ्फुस आणि मूत्रपिंड दोन्हींना बळ देते अशी ख्याती. सीओपीडीत पंपाची जागा घेईल असा पुरावा नाही, आणि २०१६ मध्ये चीनच्याच औषध प्रशासनाने तिच्यात मर्यादेपेक्षा जास्त आर्सेनिक सापडत असल्याचा इशारा दिला होता. बाटली बंद करा.

आणि शेजारच्या आजोबांना आलेल्या गुणाबद्दल. आला असेल. योग्य वैद्याने योग्य काढा दिला असेल, किंवा पंपही चालूच असेल आणि ते त्यांनी सांगितलं नसेल. पण तिसरी शक्यता मला रात्री झोपू देत नाही. ‘शुद्ध वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या दम्याच्या काही गोळ्या-पुड्यांत गुपचूप स्टेरॉइड मिसळलेलं असतं. चिनी असोत की आपल्या रस्त्याकडेला मिळणाऱ्या. १९९९ मध्ये इंग्लंडमध्ये अकरा चिनी मलमं तपासली, त्यातल्या आठांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड निघालं. दोन दिवसांत चमत्कार, सहा महिन्यांत सुजलेला चेहरा, वाढलेली साखर, ठिसूळ हाडं. बाटलीवर काही लिहिलेलं नसतं. आणखी एक उदाहरण देतो, कारण ‘वनस्पती आहे, अपाय काय होणार’ हे वाक्य मी हजारदा ऐकलंय. खोकल्यासाठी चीनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या ‘मादोउलिंग’ नावाचं फळ वापरत. आपल्या ईश्वरी वेलीच्याच कुळातलं. या कुळातल्या अॅरिस्टोलोकिक आम्लाने मूत्रपिंडं निकामी होतात आणि कर्करोग होतो, हे १९९० च्या दशकात बेल्जियममधल्या शंभरावर स्त्रियांच्या हालांतून जगाला कळलं. २०२० मध्ये चीनने स्वतःच्या अधिकृत औषधसंहितेतून ते फळ काढून टाकलं. पाच हजार वर्षांचं शास्त्र म्हणता ना, ते शास्त्रसुद्धा आपली चूक दुरुस्त करतं.

‘सवय लागते’ याचं काय, हे नानांना मीच सांगतो असं समजा आणि वाचून दाखवा. नाना, तुम्ही तीस वर्षं एसटी चालवलीत. गाडीला रोज डिझेल लागतं म्हणून तिला डिझेलचं व्यसन लागलं, असं कधी म्हणालात का? पंप बंद केल्यावर दम वाढतो तो पंपाच्या सवयीने नाही, आजार तिथेच होता म्हणून.

आता ताई, नाना पंप घेतात कसा ते एकदा तुमच्या डोळ्यांनी बघा. ज्यांचा ‘पंप लागू पडत नाही’ असे माझ्याकडे आलेले निम्मेअधिक लोक पंप जिभेवर मारत होते. एक आजी तर पावडरची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळत होत्या, दोन वर्षं. फवाऱ्याचा पंप असेल तर आधी हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, ओठ घट्ट मिटून दाबायचा आणि त्याच क्षणी सावकाश ओढायला लागायचं, मग दहापर्यंत मोजून थांबायचं. थोडं श्वास धरणं फक्त इथे. हात आणि श्वास जुळत नसतील तर स्पेसर नावाची प्लास्टिकची नळी मिळते, ती लावा. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरून थुंकायची. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशी झाल्यात का, तेही त्या दोन दिवसांतल्या भेटीत विचारून घ्या. रात्री नानांच्या खोलीत डासांची कॉइल लावत असाल तर आजपासून मच्छरदाणी. एका कॉइलमधून शंभरेक सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात.

एक राहिलं. पत्रात तुम्ही लिहिलंय, ‘बिडी आता खूप कमी केली आहे’. खूप कमी म्हणजे दिवसाला किती, ते नानांना दादासमोर विचारा आणि मला उलट टपाली कळवा. आकडा लिहा.